शिवणवर्गाचं इतिवृत्त

वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय: शिवणवर्ग.
दाराजवळ मशीन आहे खरं,
सुई गंजलेली. त्यावर आल्या-गेल्यांच्या अबाया पडतात.
संस्था म्हटलं की परवाना आला, शिक्का आला,
म्हणून फहाहीलच्या या चौथ्या मजल्यावर
आम्ही अकरा जणी
नऊ वर्षं काहीही शिवत नाही.

इतिवृत्त माझ्याकडे, कारण मी म्हाप्रळला
सातवीपर्यंत मराठी शाळेत होते.
बाकीच्या उर्दूवाल्या, त्यांच्या मुली इंग्रजीवाल्या.
माझी वही इथे दोघींनाच वाचता येते,
त्यातली एक मी.

शुक्रवार, मगरिबनंतर.
बाहेर धूळ इतकी
की रिफायनरीची ज्योत खिडकीत
लिंबाएवढी दिसत होती.
हजर नऊ. तहसीन सारंगची इस्पितळात ड्यूटी.
साबेराच्या सुनेला कळा सुरू, तिचा निरोप:
माझं मत नजमुन्निसाकडे, माझा डबाही तिच्याकडे.
(डब्यात सांदणं. सहा उरली.)

विषय एकच. अफीफाचा निकाह, पुढच्या महिन्यात, श्रीवर्धनला.
नजमुन्निसाने अटींचा कागद छापून आणलेला.
मेहेर हातात, वायद्यावर नाही.
तीन शब्दांत घर मोडायचं नाही.
अशा सहा. आणि सातवी:
'ती काम करत असेल तर करत राहील.'

पहिली हरकत अफीफाचीच.
औषधांच्या दुकानात रोज शंभर जणांना
गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगणारी,
होणाऱ्या नवऱ्याहून चाळीस दिनार जास्त कमावणारी,
म्हणाली, नको ना, खाला. त्याला वाटेल
माझा भरवसा नाही. आणि दीनात हे आहे कुठे?
तिने फोन पुढे केला. आतून कुणी मौलवी
फार गोड आवाजात बोलत होते.

रुकय्या हमदुले उसळली:
कोर्टात नोंदव सरळ. तिकडे संविधान आहे,
सगळ्यांना एकच खुर्ची आहे.
अफीफा म्हणाली, मग माझा काजी कुठे बसेल?
यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.
चहावर साय आली.

झुलेखाफूफी कोपऱ्यात होती.
वय चौऱ्याहत्तर, लेकाकडे व्हिजिटवर आलेली,
सभासद नाही. तिचं बोलणं नोंदवावं की नाही
हे मी कुणाला विचारलं नाही.

म्हणाली, माझ्या कागदावर एक जागा कोरी होती.
बोटभर रुंद. वाचता येत नव्हतं, पण कोरं कळतं.
पडद्याआडून काजींना विचारलं, हे काय सोडलंत?
ते म्हणाले, शर्तीची जागा, बेटी.
तुला काही म्हणायचंय?
खोलीत चौदा बायका. एक हसली.
मी गप्प बसले.
आठव्या वर्षी मोम्बासाहून पाकीट आलं,
त्याच्या जहाजाचा शिक्का, आत तीन शब्द.

मग पदराने चष्मा पुसत, आपल्या बोलीत:
नवा काय मागताव गो तुमी?
जागा हाय ती. लिवा.

पंखा फिरत होता. रुकय्याने
दोन्ही कागद करू म्हटलं, काजीचाही, कोर्टाचाही,
आणि पहिल्यांदा कुणी तिच्याशी भांडलं नाही.

अफीफाने पेन मागितलं. माझंच दिलं.
सातव्या अटीतलं 'करत असेल तर'
तिने खोडलं. एक रेघ, सरळ,
चिठ्ठीवरचं चुकीचं औषध खोडावं तशी.
कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.
त्याला दाखवेन की नाही माहीत नाही, म्हणाली.

'ठराव मंजूर' असं मी लिहिलेलं नाही,
कारण तसं कुणी म्हटलं नाही.
फूफीचा डोळा लागला होता.
लिफ्ट बंद, म्हणून तिला चौघींनी
एकेक पायरी उतरवलं. माझं पेन अफीफाकडेच राहिलं,
हे पुढचं पेन्सिलीने लिहिते आहे.

पुढची बैठक: महिन्याचा दुसरा शुक्रवार.
विषय: मशीनला तेल घालणे.